बीट बनवाचे का रॅप कराचा? तुरीच्या पैशात एकच होते

पराटीतला_पोट्टा

राम राम मंडळी. मी दिग्रस तालुक्यातला, बीए दुसरं वर्ष. दोन वर्सापासून आपल्या वऱ्हाडीत रॅप लिहून रायलो. तीन गाने यूट्यूबवर टाकले. तिसरं बरं चाललं, अकराशे लोकायनं पाह्यलं, अन् नवव्या दिवशी कॉपीराइटचा क्लेम आला. बीटवर (रॅपच्या खाली वाजते ते संगीत) 'फ्री' लिहिलेलं होतं म्हनून उचललं होतं. आता त्या गान्यावर जाहिरात लागली तरी पैसा दुसऱ्याच्या खिशात.

बाबानं कबूल केलं का तूर विकली की पंचवीस हजार देतो, पन एकदाच. मंग वर्सभर पैशाचं नाव काढाचं नाई. तेवढ्यात एक तर बरा माइक अन् साउंड कार्ड येते, नाई तर जुना लॅपटॉप. दोन्ही येत नाई.

परवा रात्री वावरात मोटर चालू करून बसलतो, तवा मोबाइलवर अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्या डॉ. ड्रेबद्दल वाचलं. डोस्कंच फिरलं. हा मानूस रॅपर होय का प्रोड्यूसर, म्हनजे बीट बनवनारा? लोकं म्हनतात याचे बोल दुसरेच लिहून देतात. मंग त्याले एवढा मान काहून? अन् पैसा तर बऱ्याच रॅपरपेक्षा यानं जास्त कमावला!

तर मले सांगा, मी काय शिकू? पुण्याले जाऊ का? घरी दोन खोल्या हायत, त्यातल्या एकीत छतापर्यंत कापूस भरला हाय, भाव नाई म्हनून. रेकॉर्डिंगले जागाच नाई. बाबा म्हनते भजन मंडळात बस, खंजेरी तरी शिकशील.

वणीकर_७७

दोन्ही सोड. तलाठ्याची भरती निघाली की फॉर्म भर, रॅप रविवारी कर. (हे मी माझ्या पुतण्यालाही सांगतो. तोही ऐकत नाही.)

पोहरादेवी_रोड

वणीकर काका, असं नका करू. अमरावतीचा रॅपर 100 आरबीएच टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेत, एमटीव्ही हसलच्या तिसऱ्या पर्वात जाऊन आला ना आपल्याच भागातून. पुण्याचा एमसी स्टॅन 2023 मंधी बिग बॉस जिंकला, तो तर स्वतःचे बीट स्वतःच करते. भाऊ, तू माइक घे. आवाज खणखणीत पाहिजे, बाकी सगळं मागून येते.

वाइंडिंगवाला

माइक नको घेऊ. का नको ते सांगतो, जरा लांबन होईल.

माह्यं दारव्ह्याले मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. वय 36. दिवसा जळालेल्या मोटरा, रात्री बीट. बारा वर्सं झाले. दोनशेच्या वर बीट केले असतील, त्यातले एकेचाळीस विकल्या गेले. मी काही मोठा मानूस नाई, पन तू आता ज्या खड्ड्यात पडून रायला त्यात मी आंधीच पडून उठलो हाय.

पयले ड्रेचं. तो 1965 चा, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा. सुरुवात काय, तर क्लबात रेकॉर्ड वाजवनारा डीजे. वर्ल्ड क्लास रेकिन क्रू नावाची टोळी होती त्याईची. म्हनजे आपल्याकडं लग्नात डीजेच्या गाडीवर बसते ना, तसा पोट्टा. कोनतं गानं लावलं की लोकं उठतात अन् कोनतं लावलं की पानी प्याले जातात, हे तिथं बसल्याशिवाय समजत नाई. मंग एन.डब्ल्यू.ए. ही रॅपवाल्यायची टोळी आली. 1988 च्या त्याईच्या अल्बमात लिहिनारे मुख्य आइस क्यूब अन् एमसी रेन, अन् आवाजाचं काम ड्रे अन् डीजे येला या दोघांचं. म्हनजे पयल्या दिवसापासून कामं वाटलेलेच होते. त्यात लपवाछपवी काही नाई. 1999 च्या 'स्टिल डी. आर. ई.' या ड्रेच्या गान्याचे बोल जे-झी या दुसऱ्या रॅपरनं लिहून देल्ले, हे जगाले ठावं हाय.

मंग मान कशाचा? शब्द कोनाचाही असो, तो कोनत्या ठोक्यावर पडाचा, कोनाच्या तोंडातून पडाचा, अन् त्याच्या खाली काय वाजाचं अन् काय वाजाचं नाई, हे ठरवनारा तो. एकच ओळ पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा म्हनवून घेते असं त्याच्यासंग काम केलेले सांगतात. रॅपर स्नूप डॉगचा तो आळसटलेला आवाज आपल्या 1992 च्या 'द क्रॉनिक' अल्बमात बसवला. 1998 मंधी एमिनेम या नव्या रॅपरले हाताशी धरलं. दुसऱ्याचा आवाज ओळखनं हाच त्याचा धंदा होय.

अन् आता तुह्या क्लेमची गोष्ट त्याच अल्बमात हाय, ध्यान दे. तवा सगळेच जुन्या रेकॉर्डीचे तुकडे कापून चिपकवत होते. ड्रेनं 'द क्रॉनिक'च्या वेळी बऱ्याच जागी जुन्या फंक गान्याचा तुकडा उचललाच नाई, वादक बसवले अन् तीच चाल नव्यानं वाजवून घेतली. असं केलं की मूळ रेकॉर्डिंगच्या मालकाचा हात सुटते, फक्त चाल बांधनाऱ्याचं देनं राह्यते. शिवाय आवाजही आपल्या मुठीत. तू जे 'फ्री' बीट उचललं त्यात कोन्या तिसऱ्याच मानसाचा तुकडा असंन. बीटवाल्यानं फुकट देल्लं, पन जे त्याचं नव्हतंच ते तो फुकट कसा देईल? दुसऱ्याच्या धुऱ्यावरचं झाड कापून जळतन वाटल्यासारखं होय ते.

1996 मंधी त्यानं स्वतः उभी केलेली डेथ रो कंपनी सोडली, आपला हिस्सा तिथंच टाकून निंगाला. मंग आफ्टरमाथ नावाची नवी कंपनी काढली. पयले दोन वर्सं मनासारखं चाललं नाई, लोकं म्हनाले संपला. त्यानंतर एमिनेम. 2006 मंधी जिमी आयोवाइन नावाच्या भिडूसंग हेडफोनची कंपनी काढली, बीट्स. 2014 मंधी अ‍ॅपलनं ते 3 अब्ज डॉलरले घेतली. तू जो पैसा म्हनून रायला तो यातला होय, रॅपचा नाई. अन् एवढा मानूस, पन 'डिटॉक्स' नावाचा एक अल्बम वर्सानुवर्सं 'येऊन रायला, येऊन रायला' म्हनता म्हनता आलाच नाई. 2015 मंधी आला तो वेगळाच. माह्या बायकोच्या मतानं मीही तेच करून रायलो.

आता तुह्यं. तुह्याजवळ ज्या मोबाइलनं तू हे लिहिलं त्याच्यातला माइक सध्या पुरे. आवाज खराब येते तो माइकमुळं नाई, खोलीमुळं येते. अन् खोली तुह्याजवळ हाय, तुले मालूम नाई!

2019 ची गोष्ट. माह्या भावानं कापूस मे महिन्यापर्यंत घरात दाबून ठेवला होता. एक पोट्टा आला रेकॉर्डिंगले, नेरकडचा. दुकानात लेथ चालू, म्हनून त्याले घरी नेलं अन् कापसाच्या खोलीत उभं केलं, तीन बाजूनं कापूस, चौथीकडं दरवाजा. ऐकलं तर काय, शब्द कानात कोनी बोटानं ठेवून रायलं असं वाटे. जरा म्हनून घुम नाई. मले वाटलं पोट्ट्याचाच आवाज तसा हाय. जून लागला, कापूस गेला, तोच पोट्टा, तोच माइक, तीच खोली. अन् आवाज विहिरीत बोलल्यासारखा. तवा समजलं का पैसे खर्चून लोकं भिंतीले जे चिपकवतात ते आपल्या घरात ढिगानं पडलं राह्यते. मात्र दोन गोष्टी. कापसात अर्ध्या तासाच्या वर उभं राह्यशील तर रातभर खाजवशील, फुल बाह्याचा शर्ट घाल, अन् निंगाल्यावर आंघोळ कर. दुसरं, त्या खोलीत एक्सटेन्शन बोर्ड, लटकती वायर, चार्जर काही काही नेऊ नको. मोबाइल चार्ज करूनच आत जा. एक ठिणगी पडली तर सालभराची कमाई राख. कापूस गेला की मंग जुन्या गाद्या अन् गोधड्या टांग, तेही चालते.

लॅपटॉप घेतलास तर पयल्याच दिवशी हा दुसरा भूत भेटन: लाइन. मी एक बीट केलं होतं, बेस एकदम खालच्या 'जी' सुरात. गायकाचा आवाज त्यावर बसवला की बेस हले. सेकंदाले एक हेलकावा, जसा पाळना. आठ दिवस मी सॉफ्टवेअर उघडून बसलो. शेवटी दुकानात एक पाच एचपीची मोटर आली, एक फेज गेलेली, हूं हूं करे. ते ऐकलं अन् टाळक्यात उजेड पडला. तो जी सूर 49 हर्ट्झचा, अन् आपली लाइन 50 ची. लाइनची घरघर माइकातून रेकॉर्डिंगमंधी घुसलेली, अन् ते दोन आवाज एकमेकावर पडले की फरकाइतका, म्हनजे सेकंदाले एक हेलकावा. दोष ना बीटचा ना गायकाचा. घराले अर्थिंगच नव्हतं! गड्डा खोदला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वरून पानी. घरघर गेली. तोपर्यंत लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालव अन् मंग रेकॉर्ड कर, अर्धा त्रास तिथंच कमी होते.

सांगाचं हे का मोटर उघडाच्या आंधी मी ते ऐकतो. बेरिंग गेलं का वाइंडिंग जळालं, आवाजावरून समजते. बीटचं तसंच. आंधी कान. लॅपटॉप घे, एक सॉफ्टवेअर धर, दहा नको धरू, अन् सहा महिने कोनाले काही ऐकवू नको.

पुन्याचं थोडक्यात: गेलतो 2015 ले, सात महिने. पाच जनांत एक खोली, रेकॉर्डिंग एकही नाई. आलो वापस.

राह्यला पैसा. मागल्या साली ऑनलाइन ऐकण्याचे मिळून 2,140 रुपये आले, बीट विकून 31,000. दुकान हाय म्हनून घर चालते. अन् एक जखम सांगतो. 2018 मंधी पुण्याच्या एका कंपनीनं माह्यं बीट 4,000 ले घेतलं. लिखापढी म्हनजे व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके भाऊ'. गानं चाललं, गनपतीत दारव्ह्याच्याच डीजेवर वाजलं. बीटच्या सुरुवातीले माह्या पोरीच्या आवाजात 'वाइंडिंगवाला' असं होतं, चार वर्सांची होती तवा, ल चा य करे. ते कापून टाकलं. नाव कुठंच नाई. पैशाचं तेवढं नाई वाटलं, पन पोरगी विचारे, बाबा माह्या आवाज कुठं गेला.

यवतमाळची_ताई

वाइंडिंगवाला दादा, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, तुमच्यावर. मी कोर्टात कारकुनी करते, वकील नाही, पण एवढं सांगू शकते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 बघा. हक्क दुसऱ्याला देणं हे लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहूनही देता येत नाही, निदान गाणं सिनेमागृहाबाहेर वाजतं तेव्हाचा. शिवाय आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था 1969 पासून आहे, बोल लिहिणारे आणि चाल बांधणारे तिचे सभासद होतात.

पराटीतल्या भावा, तू बीट विकशील तेव्हा साध्या कागदावर चार ओळी लिही: कोणतं बीट, कोणत्या गाण्यासाठी, किती वर्षं, नाव कुठे येणार. दोघांच्या सह्या. मोबाइलवर फोटो काढून दोघांनी ठेवा. गहू-तूर उधार देताना आपण वहीत लिहितोच ना?

वाइंडिंगवाला

ताई, तुमी 2018 मंधी कुठं होत्या.

खंजेरी_मंडळ_दारव्हा

हा धागा मला मुलाने उघडून दिला. मला रॅप कळत नाही, खरं सांगतो, आणि बरंचसं आवडतही नाही. शिव्या फार. पण दोन गोष्टी बोलतो.

आमच्या तरुणपणी गावोगाव कलगी-तुऱ्याचे फड लागत. कलगीवाला शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाला शिवाला. एकाने रात्री सवाल टाकला की दुसऱ्याने त्याच चालीत, तिथल्या तिथे, जवाब जोडायचा. जमला नाही तर पब्लिक उभं राहून हसे. आता तुम्ही ज्याला बॅटल म्हणता ते मुलाने दाखवलं तेव्हा मी म्हटलं, यात नवीन काय?

दुसरं त्या पोरीच्या आवाजाबद्दल. नाव सुरुवातीला ठेवलंत म्हणून कापता आलं. राष्ट्रसंतांची भजनं बघा, शेवटच्या चरणात 'तुकड्यादास' येतो. तो ओळीतच विणलेला असतो, काढला तर चरण लंगडं होतं. चोराला चोरी करता येते, पण नाव काढता येत नाही. तुमच्या मशीनवर असं काही जमत असेल तर बघा.

पराटीतल्या पोट्ट्या, बापाचं ऐक, मंडळात ये. धुमाळीच्या आठ मात्रा हातात बसल्या की तुझे ते ठोके आपोआप मोजता येतील. खंजेरी देतो, तिचं कातडं सकाळी उन्हात थोडं तापवावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात भिजल्या चपलेसारखी वाजते.

वाइंडिंगवाला

काकाजी, शेवटच्या चरणाचं डोक्यात बसलं. पोरीचा आवाज बीटच्या मधात, बेसच्या ठोक्यावरच बसवून पाहतो. आता ते अकरा वर्सांची हाय, ल बरोबर म्हनते. जुनीच क्लिप वापरीन.

पोहरादेवी_रोड

मी माइक घे म्हनलो ते वापस घेतो. माह्या माइक विकाचा हाय, कोनाले पाहिजे तर सांगा.

पराटीतला_पोट्टा

सगळ्यायले धन्यवाद. काल बाबासंग मंडळात गेलतो. आमच्या गावच्या बुवांची खंजेरी कापसाच्या खोलीत नेली, मोबाइल फुल चार्ज करून, फुल बाह्याचा शर्ट घालून. तरी मान खाजून खाजून लाल झाली. बुवा म्हने, अबे हे आवाज मले स्वतःले कधी असा ऐकू आला नाई. झांजांचा एक एक दाना मोजता येते.

आता लॅपटॉप. एक जन 22,000 ले देऊन रायला, पाच वर्सं जुना. काय पाहू?

वाइंडिंगवाला

रॅम 8 जीबीच्या खाली नको, हार्ड डिस्क एसएसडी पाहिजे. चार्जर काढून अर्धा तास चालते का पाह्य, बॅटरी मेलेली असंन तर दोन हजार कमी कर. हेडफोनचं छिद्र हालवून पाह्य, जुन्यात तेच पयले जाते. उरलेल्या पैशात तारवाला हेडफोन घे, बिनतारी नको, बोट दाबलं अन् आवाज मागून आला तर बीट वाजवता येत नाई.

खंजेरीची रेकॉर्डिंग पाठव. पन व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हनून नको, डॉक्युमेंट म्हनून पाठव, नाई तर ते आवाज दाबून टाकते.

पराटीतला_पोट्टा

पाठवली. चाळीसाव्या सेकंदाले बाहेरून बकरी वरडली हाय, परत करू का?

वाइंडिंगवाला

ऐकली. बकरी राहू दे, ठोक्यावर हाय. लॅपटॉप घेऊन शनिवारी ये, पन चारच्या आंधी. या हप्त्यात आमच्याकडं चारनंतर लाइन जाते.